पोटातला बिऱ्हाडकरू

प्रिय दलेंदा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. उलट काल दुपारी महदियाला, मासळीबाजारामागच्या त्या जुन्या टपरीवर बसून मी एक अख्खा वाडगा लब्लाबी खाल्ली. खाली शिळ्या पावाचे तुकडे, वर उकळते हरभरे, जिरं, लिंबू, अर्धकच्चं अंडं आणि हरीसाची लाल मिरचीची चटणी. टपरीवाल्याने विचारलं, "काका, तिखट किती?" मी म्हटलं, "दोन चमचे, आणि हात आखडू नकोस." तुझी आई शेजारी पर्स मांडीवर धरून बसली होती, कुठल्याही क्षणी मला उचलून न्यावं लागेल अशा तयारीत. मी वाडगा पुसून खाल्ला. घाम आला, नाक गळलं, कान गरम झाले, आणि पोट मात्र गप्प. तासभर बसून राहिलो, तरी गप्प. आज सकाळी रिकाम्या पोटी उठलो, तरी गप्प. सतरा वर्षांत मी मसूर, उकडलेला बटाटा आणि ब्सीसाचं सपक पीठ यांच्यापलीकडे गेलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. जिंकलो, पोरी. कोणाविरुद्ध जिंकलो ते पुढे सांगतो, कारण ते नाव तुझं नाही, आणि आपल्या घरात इतकी वर्षं ते तुझंच समजलं गेलं.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण माझं फोनवरचं बोलणं तू जाणतेस. "कशी आहेस, बरी आहेस, घे आईशी बोल," एवढ्यात माझा फोन संपतो. आणि तुझंही माझ्याशी बोलणं गेली सतरा वर्षं एकाच प्रश्नात संपतं. ईदला तोझरहून सात-आठ तास प्रवास करून येतेस, दारातच विचारतेस, "बाबा, पोट कसं आहे?" मी म्हणतो, "चाललंय." मग तू स्वयंपाकघरात आईपाशी जातेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दर दोन महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पोटाच्या गोळ्या पाठवतेस, डब्यावर तुझ्या त्या जमीन-मोजणीच्या कचेरीतल्या नेटक्या अक्षरात किती वाजता घ्यायच्या ते लिहून. मी त्या घेत आलो. कधी तुला म्हटलं नाही की पाठवू नकोस.

तो दिवस मी विसरलेलो नाही. जुलै महिना, मेंदीला पाच दिवस उरलेले, अंगणात सगळे जमलेले, आणि तू माझ्या भावासमोर, ज्याच्याशी तुझं ठरलं होतं त्या त्याच्या मुलासमोर, लुत्फीसमोर उभी राहून शांतपणे म्हणालीस, "मी हे लग्न करणार नाही. मला नोकरी लागली आहे, मी जाणार आहे." तू ओरडली असतीस, रडली असतीस तर मला काही तरी करता आलं असतं. त्याच संध्याकाळी मला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात तुझी आत्या मबरूका खाटेच्या पायथ्याशी बसून येईल त्याला सांगत होती, "पोरीने बापाच्या पोटात सुरी फिरवली." आणि तू भेटायला आलीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बघ, हे तू केलंस." तेव्हाच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, एका कागदावर काही तपासण्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी परत या म्हणाले. मी गेलो नाही. आजाराचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक असताना तपासायचं काय, असं मी छाती फुगवून सांगत होतो. तो कागद तुझ्या आईने बरेच दिवस कपाटात ठेवला होता.

यंदा जानेवारीत, जैतुनाच्या घाण्याचा हंगाम संपता संपता, मी तेलाच्या टाकीजवळ चक्कर येऊन पडलो. आईने तुला एवढंच सांगितलं असेल की अशक्तपणा आहे. अंगात रक्त निम्मंच उरलं होतं. दवाखान्यात उमैमा नावाची डॉक्टर आहे, तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, कपाळाला कायम आठी, बोलण्यात फटकळ. तिने माझ्या घशातून दुर्बिणीची नळी आत घातली आणि पोटाच्या तोंडाशी जखम आहे म्हणाली, जुन्या व्रणाला लागूनच नवी. तिथला चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने आम्हाला बोलावलं आणि म्हणाली, "हम्मादीकाका, तुमच्या पोटात जंतू आहेत." मी तिला समजावलं की माझी जखम तशी नाही, माझी मनस्तापाची आहे, मुलीमुळे झालेली. ती म्हणाली, "मनस्तापाने भूक जाते, झोप जाते, जळजळ होते. जुनी जखम चिडतही असेल. पण असं भोक पडायला बहुतेक वेळा हा जंतू लागतो, नाहीतर सांधेदुखीच्या गोळ्या. त्या घेत होता का?" मी म्हटलं, नाही. "मग हा कधी शिरला?" "बहुधा लहानपणीच. पाच-सहा वर्षांचे असाल. घरात एकाच ताटात जेवणं, एकाच मडक्याचं पाणी, कोणाकडून आला ते आता कळायचं नाही." मी हिशेब केला. म्हणजे माझ्या पोटात हा बिऱ्हाडकरू येऊन राहिला तेव्हा तुझी आई मला ठाऊकही नव्हती, तुझी तर गोष्टच सोडा. एवढं ऐकूनही मी घरी येताना गाडीत तुझ्या आईला म्हणालो, "आजकालची पोरं, सगळ्यात जंतू दिसतो त्यांना." हट्ट कसा असतो बघ.

चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ मूठ मूठ भरून. बजावून सांगितलं होतं की एकही चुकवायची नाही. तिसऱ्या दिवसापासून माझ्या तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखी चव यायला लागली. पाणीसुद्धा लोखंडी लागायचं. आता तूच सांग, हम्मादी मुकादमाची सगळी इज्जत कशावर उभी आहे? चाळीस वर्षं मी जिभेवर थेंब टेकवून सांगत आलो, हे जैतून झाडावरचं, हे जमिनीवर पडलेलं, ह्याने पोती दोन दिवस बंद ठेवली होती. सहाव्या दिवशी शेजारच्या गावचे लोक उशिराच्या तोडणीचं तेल दाखवायला घेऊन आले. मी थेंब जिभेवर घेतला आणि ऐटीत म्हणालो, "हे खवट आहे, साबणाला द्या." त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. नंतर तेच तेल दुसऱ्या घाण्यावर पहिल्या प्रतीचं ठरलं, आणि बाजारात हसू झालं, "मुकादमाची जीभ म्हातारी झाली." मी घरी आलो आणि उरलेल्या गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरल्या. आईला सांगितलं, संपल्या. दोन महिन्यांनी तपासणीत जंतू जिथल्या तिथे. उमैमाने विचारलं, "सगळ्या घेतल्या होत्या?" मी म्हटलं, "घेतल्या की." तिने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीकडे. "काका," ती म्हणाली, "अर्धवट मारलेला शत्रू शहाणा होतो. आता त्याला त्या गोळ्या पुरणार नाहीत. आता चार औषधं, आणि ह्या वेळी काकू मोजून देतील."

मे महिन्यात दुसरी लढाई सुरू झाली. तुझी आई घड्याळ घेऊन समोर बसायची, गोळी तोंडात टाकली की "जीभ वर कर" म्हणायची, जणू मी शाळेतलं पोर. चौथ्या दिवशी सकाळी संडासात गेलो आणि पायाखालची जमीन सरकली. सगळं काळं, डांबरासारखं. मी ओरडत बाहेर आलो की पुन्हा रक्त जातंय, मला घेऊन चला, पोराला, मोन्सेफला बोलवा, इमामांना सांगून ठेवा. गाडीत मी आईला जमिनीचे कागद कुठे आहेत तेही सांगून टाकलं. उमैमाने माझी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं, मग माझी जीभ बाहेर काढायला लावली आणि हसायलाच लागली. त्या आठीवाल्या मुलीला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. "काका, चारातलं एक औषधच तसं आहे. जीभही काळी, तेही काळं. मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकत नव्हता. रक्त जात नाहीये." माझा जीव भांड्यात पडला. मग ती वहीत लिहिता लिहिता सहज म्हणाली, "पण काळं म्हणजे रक्त, हे तुम्हाला बरं माहीत?" आणि मी, जिवंत आहे ह्या आनंदात, बोलून गेलो, "माहीत नसायला काय झालं, आधी झालंय ना. त्या मोठ्या पिकाच्या हिवाळ्यात. दोन-तीन दिवस असंच, घाण्याच्या चोथ्यासारखं. रात्री रिकाम्या पोटी कळा यायच्या, पाव खाल्ला की थांबायच्या."

तुझ्या आईला आकडे पाठ असतात, तुला ते तिच्याकडूनच मिळालंय. ती हळूच म्हणाली, "मोठ्या पिकाचा हिवाळा म्हणजे दलेंदाने लग्न मोडायच्या आधीचा." उमैमाने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, असेल. आई म्हणाली, "असेल नाही, आहे. जानेवारीत ती तुझ्या उशाशी पाव कापून ठेवायची. मला वाटायचं, बापाचे लाड करते. लग्न जुलैत मोडलं, हम्मादी." आणि मग एवढंच, "तुला माहीत होतं."

हो, दलेंदा, मला माहीत होतं. तुझ्या 'नाही'च्या सहा महिने आधी माझं पोट आतून फाटत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही, कारण ऐन हंगामात मुकादम आडवा झाला तर दुसरा उभा राहतो. आणि जुलैत रक्त आलं तेव्हा सगळ्यांनी मिळून खापर तुझ्या डोक्यावर फोडलं, मी मूग गिळून बसलो. खोटं कशाला सांगू, मला ते सोयीचं वाटलं. भावासमोर माझी मान खाली गेली होती. ज्याची मुलगी ऐकत नाही तो बाप हसण्याचा विषय होतो, पण ज्याचं पोट मुलीने फाडलं त्याच्यासाठी लोक रस्सा घेऊन येतात. आणि मनात कुठे तरी असंही होतं की ह्या धाकाने तू परत येशील. तू आली नाहीस, पण धाक मात्र बरोबर घेऊन गेलीस.

त्या दिवसापासून तुझ्या आईने माझ्याशी जेवणाच्या वेळी बोलणं टाकलं. ओरडली नाही. मोजून गोळ्या दिल्या, चौदाही दिवस, एकही चुकवली नाही. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने तिचं जेवण वेगळ्या ताटलीत घेतलं. मी म्हटलं, "जंतूला घाबरतेस का?" म्हणाली, "जंतूला नाही." मी माझ्या ताटासमोर एकटा बसायचो आणि खरं सांगतो, गंजक्या खिळ्याची चव त्यापुढे काहीच नव्हती.

जुलैच्या शेवटी फुंकरीची तपासणी झाली. त्याआधी पंधरा दिवस तुझ्या गोळ्याही बंद, नाहीतर जंतू लपून बसतो आणि तपासणीत सापडत नाही. काहीतरी पाणी प्यायला देतात, मग पिशवीत फुंकायचं. मी इतक्या जोराने फुंकलं की ती नर्स म्हणाली, "काका, फुगा नाहीये तो." निकाल आला: काही नाही. एकही नाही. साठ वर्षांचं बिऱ्हाड, भाडं न देता राहिलेलं, अंथरुणा-पांघरुणासकट बाहेर. पुन्हा नळी घालून पाहिलं तर जखम भरलेली. उमैमाने कागदावर सही-शिक्का करून दिला आणि मी तो शर्टाच्या खिशात ठेवून घाण्यापर्यंत चालत गेलो. भेटेल त्याला दाखवला. कोणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी मुबारक म्हटलं.

मग मागच्या शुक्रवारी मी सगळ्यांना कुसकुस खायला बोलावलं. माझा भाऊ, लुत्फी, त्याची बायको आणि चार पोरं, मबरूका, आपला मोन्सेफ. लुत्फीचं पोट आता दारातून आधी आत येतं, फार सुखी माणूस आहे, तुझ्याबद्दल त्याच्या मनात काही नाही, कधी नव्हतंच. सगळे ताटाभोवती बसले, आणि कोणी चमचा उचलायच्या आत मी उभा राहिलो. कागद वाचून दाखवला. मग म्हणालो, "हा जंतू माझ्या पोटात साठ वर्षं होता. दलेंदा जन्मायच्या कितीतरी आधीपासून. आणि तिने लग्न मोडण्यापूर्वी सहा महिने मला रक्त जात होतं, ते मला माहीत होतं, आणि मी लपवलं. तिने माझं काहीही वाईट केलेलं नाही. मी खोटं बोललो." मबरूका म्हणाली, "म्हणजे सतरा वर्षं मी उगाच बोलत होते?" मी म्हटलं, "हो. आणि मी बोलू दिलं." ती ओढणीने डोळे पुसायला लागली, मग रागावून म्हणाली, "आधी सांगायचंस, मेल्या, मी तिला किती शिव्या दिल्यात." शेवटी माझ्या भावाने मटणाचा चांगला तुकडा माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाला, "खा. आता तुझं पोट तुझं." तुझी आई आतून आली, हातात तिची ती वेगळी ताटली. माझ्याशेजारी जागा केली, ताटली तिथेच जमिनीवर ठेवली, आणि माझ्याच बाजूने ताटात चमचा घातला. महदियाला लब्लाबी खायला चल, हे त्यानंतर तिनेच काढलं.

आणि काल परतीच्या वाटेवर, समुद्राच्या भिंतीवर बसून तिने मला ते सांगितलं जे कोणालाही न सांगायचं वचन तिने तुला दिलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, तुमच्या कचेरीत नौफल नावाचा माणूस आहे, नकाशे काढतो, विधुर आहे, त्याने तुला दोनदा विचारलं, आणि तुला तो आवडतो. आणि तू दोन्ही वेळा म्हणालीस, "बाबा आहेत तोपर्यंत नाही. माझ्या मनाने एकदा निर्णय घेतला तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय." मी हे ऐकलं आणि इतक्या वर्षांत पोटात कधी दुखलं नव्हतं तसं दुखलं, आणि ह्या वेळी खरंच त्याचं कारण मीच होतो. म्हणून हे पत्र. शाईने, माझ्या हाताने, तुला कोणालाही दाखवता येईल असं. तू माझ्या पोटाला कधीही काही केलं नाहीस. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला आणि मी तुझी माफी मागतो. नौफलला हो म्हण की नाही म्हण, ते तुझं तू बघ, माझ्या पोटाला त्यात मत नाही. फक्त मी जाण्याची वाट बघत बसू नकोस. उमैमा म्हणते, ह्या पोटावर आणखी वीस वर्षं आरामात काढाल, आणि माझा इरादा तसाच आहे.

तुझाच, आणि ह्यापुढे तुझ्याच बाजूचा,
बाबा